बाळासोच्या उसात खारं पाणी

—तसं न्हवं पावणं, आधी बसा. बसा म्हणतोय न्हवं! उभ्या उभ्या बर्फ मिळत न्हाई, भुसा उकरून काढाय लागतोय. दोन लाद्या म्हणालासा न्हवं? मग दोन लाद्यांना येळ लागतोय तेवढा लागंलच की. आन् कशापायी पायजे ते सांगू नकासा, मी वळखलंय. ह्या थंडीत बर्फ कोण न्हेतंय? रसाचं गाडं बंद, लस्सीवाल्यानं टपरी झाकून ठेवल्याली—एक ते मासळीवालं, न्हाईतर मग ज्येच्या घरात माणूस गेलंय ते. तुमच्या डोस्क्यावर मासळीची पाटी न्हाई, आन् डोळं बी लाल दिसत्यात. कोण हुतं, म्हातारं माणूस?—ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, बोलाय लागलं की माणसाला भरून येतंय. आधी बर्फ काढू. लांबची लेक यायची आसंल, व्हय न्हवं? मुंबईवरनं? वाटलंच मला. म्हंजे उद्या दुपारपत्तोर तरी ठेवाय लागणार.

मग नीट ऐका, कारण हे तुमाला दुसरं कोण सांगणार न्हाई. लादी खाटंखाली ठिवायची, वर भुसा, भुशावर वलं पोतं. बर्फावर मीठ टाकलं की गारवा वाढतोय, खरं हाय—पण मूठभरच टाकायचं, पोतं रिकामं करायचं न्हाई. आन् खाली घमेलं लावायचं. वितळल्यालं पाणी घमेल्यात धरायचं, पसरट भांड्यात वतून उन्हाला ठिवायचं. पाणी उडून जातंय, मीठ तळाला ऱ्हातंय, ते उचलून टाकता येतंय. लोकं काय करत्यात? द्यायचं अंगणात वतून! घरात मयत, कुणाचं ध्यान आसतंय तिकडं? मग चार म्हैन्यानी परड्यातला शेवगा वाळतोय, आन् म्हणायचं घराला नजर लागली. नजर कसली डोंबलाची! मीठ हाय ते, मुरल्यावर मातीतनं जात न्हाई. तुमी म्हणशीला, ह्यो बाळासो बर्फवाला, ह्यो मला मिठाचं काय सांगालाय—आवो, माझ्याएवढं मीठ ह्या गडमुडशिंगीत कुणी भोगलं न्हाई.

त्यो वर माळावर पत्र्याचा कारखाना दिसतोय? ह्यो बर्फ तिथला. बर्फ कसा हुतोय म्हायती हाय? मोठ्या टाकीत मिठाचं पाणी, त्यात गोड्या पाण्याचं डबं सोडायचं. मिठाचं पाणी गोठत न्हाई, डब्यातलं तेवढं गोठतंय. सालभर तेच पाणी—गंजतंय, काळं पडतंय, वास मारतंय. मग थंडीत धंदा मंदा आसतोय तवा टाकी धुवायची, आन् ते सगळं पाणी द्यायचं उताराला सोडून. आन् उताराला कोण? मी! माझा ऊस, माझी हीर. हसू नकासा, व्हय, त्याच कारखान्याचा बर्फ मी इकतोय. दिवसभर त्येंचा बर्फ इकायचा आन् सांजच्याला बांधावर बसून त्येंच्या आयमायचा उद्धार करायचा, ह्योच माझा धंदा. पैल्या साली उसाचं शेंडं पिवळं पडलं. म्होरल्या साली मुळासकट करपला. हिरीचं पाणी म्हस तोंडात घेत न्हाई, मान झाडती. त्या पाण्यानं डाळ शिजत न्हाई, बनाबाई—आमची मंडळी—रोज चुलीम्होरं बसून मला बोल लावती. उन्हाळ्यात वावरात असं पांढरं मीठ फुटलं की लांबनं बघणाऱ्याला वाटावं रांगूळी घातलीया. मी गुडघ्यावर बसून ती माती चाटली पावणं. चाटली आन् मोठ्यानं रडलो. बापानं ठेवल्यालं तेवढंच रान हाय मला, दुसरं कायबी न्हाई.

रडून झाल्यावर उठलो आन् मालकाच्या गाडीच्या काचा फोडल्या. ह्याच बर्फ फोडायच्या मोगरीनं! सरका जरा मागं, तुकडं उडत्यात—असा! काच आन् बर्फ, दोन्ही एका घावात फुटतंय, पण काच फोडल्यावर जे समाधान हाय न्हवं, ते बर्फात न्हाई. मग काय, पळत आलं सगळं गाव. देवळात बैठक झाली. मालक म्हणाला, मी ह्येला आत टाकतो. मी म्हणालो, टाक, भाईर आलो की पैली तुझी नरडी. शेवटी ठरलं—वरल्या अंगाला हौद काढायचा, तळाला जाड प्लास्टिकचा कागद आथरायचा, टाकीचं पाणी त्यात सोडायचं. उन्हानं पाणी उडालं की मीठ खरडून परत टाकीत. मीठ बी वाचतंय, रान बी वाचतंय. आन् मालकाला हे पटवून देणारा कोण? जोतीराम. टाकीवर कामाला हाय त्यो, डबं सोडायचं, काढायचं, टाकी धुवायची, सगळं त्येच्याकडं. माझा दोस्त. दोस्त कसला, एका ताटात जेवल्यालं दोगं आमी. गावासमोर उभा ऱ्हाऊन म्हणाला, बाळूच्या उसात परत खारं पाणी गेलं तर मी जबाबदार. म्हणाला का न्हाई? समद्या गावानं ऐकलंय! आन् त्यानंच दगा दिला. त्यानंच!

आज सकाळचीच गोष्ट. थांबा हो, दुसरी लादी निघायची हाय अजून, सांगा की मग काय ते. टाकी धुतल्याली काल, मला म्हायती हुतं, म्हणून दिस उगवायच्या आधीच रानात गेलतो. मोगरी हातात—कुत्री लई झाल्यात त्या माळाला. बघतोय तर पाटाला पाणी वाहालंय. बोट बुडवून चाटलं—खारं! आगीवानी खारं! आन् म्होरं माझ्या उसाच्या तोंडाला एक माणूस खोरं घिऊन वाकल्याला, माती ओढालाय. दारं मोडालाय, पाणी आत घ्यालाय माझ्या रानात! वळखलं मी पाठीवरनंच. जोतीराम. काय सांगू पावणं, डोळ्यांम्होरं अंधार आला. त्यो वळला, म्हणाला, "बाळू, थांब, आधी ऐक माझं." ऐकायचं काय त्यात? डोळं न्हाईत व्हय मला? घातली मोगरी—असली! ही बघा, अशी! डोस्क्यात बसली. आडवाच झाला पाण्यात. वाटलं, बस झालं. पण उठला की! कानावरनं रगात उतराय लागल्यालं, आन् बेशरमपणा बघा गड्याचा, परत खोरं उचललं आन् परत वाकला. माझ्या डोळ्यादेखत! मग पाठीत घातली. खोरं हिसकून हिरीत फेकलं. तर हातानं, पावणं, नुसत्या हातानं चिखल ओढाय लागला! माझं रान बुडवायची केवढी ती हौस! शेवटी माझाच हात गळाला. "मर तिकडं" म्हणून थुकलो आन् आलो निघून, मागं वळून बघितलं न्हाई. तवापासनं हितंच बसलोय. चहा सुदीक घेतला न्हाई. पण एक सांगतो, लई हलकं वाटालंय. गेली दोन-तीन सालं छातीवर धोंडा हुता, त्यो आज उतरला. एक घाव कमीच बसला म्हणा की.

का उठलासा? बसा, झालंच. पाणी देऊ का? तोंड असं पांढरं का पडलं तुमचं—मी बी लेकाचा, घरात मयत झाल्याल्या माणसाम्होरं मारामारीचं सांगत बसलोय. बोला, मगाधरनं कायतरी सांगालासा, मीच बोलू देईना. कोण गेलं?—काय?—कोण म्हणालासा?—

कुठला जोतीराम? आवो जोतीराम लई हाईत हितं. त्यो खालच्या आळीचा—कारखान्यावरला? न्हाई न्हाई. त्यो कसा आसंल? सकाळी चांगला—तुमी कोण त्येचं?—मेव्हणं. हातकणंगल्याचं. लग्नात बघितलं आसंल मी तुमाला. पाय घसरला? कोण म्हणतंय पाय घसरला?—त्योच म्हणाला? सोता घरी चालत गेला आन् बायकूला म्हणाला, हौदाच्या कडंला पाय घसरला, दगुड लागला डोस्क्याला?—चहा पिला. मग मळमळाय लागलं. मग झोपला आन् उठलाच न्हाई. डॉक्टर म्हणाला, आत रगात साकळलं.—माझं नाव घेतलं का त्यानं? माझं?—न्हाई? एकदा बी न्हाई?

थांबा थांबा. हौदाकडं कशाला गेलता त्यो एवढ्या येरवाळी?—कागद फाटला? उंदरानं कुरतडला आन् हौद गळाय लागला, आन् त्येला कळलं तसा खोरं घिऊन पळाला—कशाला?—मोठ्यानं सांगा. पाट बुजवायला? माझ्या उसात जाऊ नये म्हणून?

न्हाई. खोटं हाय. मी बघितलं न्हवं का! आवो खोरं घिऊन वाकल्याला माणूस—दारं मोडणारा बी तसाच वाकतोय आन् दारं बांधणारा बी तसाच! मागनं कसं कळायचं? तुमीच सांगा, शेतकरी हाईसा न्हवं तुमी, कळलं आसतं तुमाला? कुणाला बी कळलं नसतं! अंधार हुता!—त्यो सांगत हुता. व्हय. "आधी ऐक" म्हणाला. व्हय, म्हणाला.—आन् पाणी? पाण्याचं काय झालं? तुमाला काय म्हायती म्हणा—बघून आलासा? तिकडनंच आलासा?—थांबलंय. ऊस कोरडा हाय. बांध घातल्याला हाय आडवा, हातानं लिंपल्याला. बोटं उठल्यात चिखलात.

जोत्या रं. आरं जोत्या. एकदा शिवी तरी द्यायची रं.

असं बघू नकासा माझ्याकडं. मी काय म्हणतो ऐका—त्यानं सांगितलंय न्हवं पाय घसरला? मग घसरलाच! मरणाऱ्या माणसाचा शब्द हाय त्यो, त्येचा मान ठिवा. तुमच्या भनीला तेवढंच म्हायती हाय, ऱ्हाऊ द्या तेवढंच. तिला खरं सांगून काय मिळणार हाय? लेक यायची हाय, तिला काय सांगशीला? आन् मी काय बोललो हो? मी कायबी बोललो न्हाई! कोण हुतं हितं ऐकायला? तुमी एकटं, मी एकटा. तोंड उघडलासा तर बघा, मी पण—ही मोगरी—

न्हाई. न्हाई पावणं, ही बघा, टाकली. तिकडं टाकली. पाया पडतो. माझी बुद्धी गेलीया. मी येतो तुमच्यासंगं, मी खांद्यावर लाद्या घिऊन येतो, घरापत्तोर—नगं? बरं नगं. मी दारात बी येत न्हाई. पण हे घिऊन जावा. बांधून दिलंय बघा पोत्यात.

आवो कुठं निघालासा? पावणं! ओ पावणं! बर्फ ऱ्हायला की! लेक उद्या दुपारी येणार, तवर कसं ठेवशीला त्येला? असा उघडा ठेवू नकासा! तिला बापाचं तोंड बघाय मिळाय पायजे—ऐकू येतंय का?—माझ्या हातचा नगं तर शाहूपुरीत मिळंल, स्टेशनाच्या अंगाला. जावा तिकडं. लवकर जावा.