पाच विषयांची जाऊ

(लाँड्रीची मागची खोली. भर दुपार, गिऱ्हाईक नाही. दोन जावा समोरासमोर उभ्या राहून लॉजच्या चादरींच्या घड्या घालताहेत, कारण ते एकटीचं काम नव्हे. सासूबाई स्टुलावर बसून शर्टांना बटणं लावताहेत. दोघी जावांनी यंदा एकाच कॉलेजात नाव घातलंय. थोरलीला सकाळी तिथं एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून सगळा राग चादरींवर निघतोय.)

थोरली : पाच?

धाकटी : हो, पाच. ताई, टोक वर घ्या ना, जमिनीला लागतंय.

थोरली : लागू दे. एका सत्रात पाच विषय! आणि मला हे सांगतो कोण, तर कॉलेजचा शिपाई. म्हणतो, "तुमच्या जाऊबाई फार हुशार दिसतात." मी काय कपाळावर ढ लिहून फिरते?

धाकटी : मी सांगणारच होते तुम्हाला.

थोरली : कधी? पदवीचा झगा इस्त्रीला टाकशील तेव्हा?

सासूबाई : जरा हळू ओढा गं. फाटली तर लॉजवाला नवी मागेल.

थोरली : तो न फाटताही मागतो. धर गं, हे टोक धर. तू पाच घेतलेस ना? मग मी सहा घेते. आज कार्यालय बंद होईपर्यंत विषय बदलता येतात, मी विचारून आलेय.

धाकटी : पहिल्याच सत्रात सहा सहसा कुणाला देत नाहीत. त्याला सल्लागार मॅडमची सही लागते.

थोरली : देतील की सही. त्यांनाही एखादी जाऊ असेलच.

सासूबाई : अगं, पी हळद आणि हो गोरी, असं असतं का कुठं? पुस्तक हातातून सुटून तुला किती काळ झाला. तुझा मुलगा आता आरशात मिशा शोधतोय.

थोरली : म्हणजे हिला पाच झेपतील आणि मला नाही. असंच ना, आई?

सासूबाई : मी असं म्हणाले का?

थोरली : म्हणायला कशाला हवं? ही घरात आल्यापासून तेच ऐकतेय मी. धाकटी किती चटपटीत. धाकटीनं फोनवरच वीजबिल भरलं. धाकटीनं मशीनचा आवाज ऐकून पट्टा सैल झालाय म्हणून सांगितलं. आता माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला एवढी पदवीच राहिली होती. हिची झाली की ही मोकळी. माझी तीन-तीन विषयांनी होईस्तोवर माझा मुलगा माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसेल.

धाकटी : पण तीन तुम्हीच घेतलेत ना? कुणी हात धरला होता तुमचा?

थोरली : घर आहे मला.

धाकटी : आणि मला नाही?

थोरली : तुला नवरा आहे. घर मला आहे.

धाकटी : हेच! बघा आई, हेच ते.

थोरली : काय हेच?

धाकटी : काही नाही. झटका.

थोरली : आता अर्धवट बोलू नकोस. अर्धवट बोलणं आणि अर्धवट वाळलेले कपडे, दोन्हींना वास येतो.

धाकटी : बोलू? बोलतेच मग. तुम्ही बँकेत गेलात की मी गल्ल्यावर बसते ना, तेव्हा माणसं दारात उभी राहून माझ्या डोक्यावरून आत बघतात. "बाई नाहीत का?" मी समोर बसलेली असते, ताई. हातात त्यांचाच शर्ट असतो. तरी विचारतात, बाई नाहीत का. परवा ती दवाखान्यातली नर्स फोनवर कुणाला तरी म्हणाली, "बाई नाहीयेत, ती दुसरी आहे." ती दुसरी! मला नाव नाही, गाव नाही, मी आपली ती दुसरी.

थोरली : त्यात माझा काय दोष?

धाकटी : काही नाही. पण म्हणून मी कॉलेजात नाव घातलं. तिथं मला कुणी दुसरी म्हणत नाही. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, मी उत्तर दिलं, सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. इतकं बरं वाटलं! आणि आठ दिवस झाले नाहीत तो जिन्यावर तुम्ही. हातात पिशवी, "अगं, खोली कुठली गं?" तिथंही आलात.

थोरली : कॉलेज काय तुझं माहेर आहे, मी यायचं नाही ते?

धाकटी : यायचं की. पण मी नाव घालेपर्यंत तुम्हाला कधी कॉलेज आठवलं नव्हतं.

थोरली : आठवत होतं. बोलत नव्हते.

सासूबाई : आठवत असेलही. पण उठलीस ती हिनं चप्पल घातल्यावर. खोटं बोलू नये माणसानं.

थोरली : आई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

सासूबाई : बटणांच्या. चार भोकांचं बटण दोन भोकांत शिवून पाठवलंय कुणीतरी. ते असू दे. तू मला एक सांग. तुझे ते तीन विषय दुपारचेच कसे गं?

थोरली : दुपारी दुकानात शुकशुकाट असतो म्हणून. संध्याकाळी माणसं कामावरून सुटली की रांग लागते. तेव्हा गल्ल्यावर कोण बसणार?

धाकटी : मी.

थोरली : तुला वर्ग असतात.

धाकटी : संध्याकाळचे फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, बाकीचे सकाळी. बाकीच्या संध्याकाळी मी इथंच असते, मागं, या चादरींशी बोलत. मी तुम्हाला म्हणालेही होते की संध्याकाळचे विषय घ्या, मी बसते. तुम्ही म्हणालात, नको, तुला गिऱ्हाईकं कळत नाहीत.

थोरली : नाहीच कळत.

सासूबाई : तुला ताप आला होता तेव्हा हीच बसली होती. काही बुडालं का दुकान?

थोरली : आई, तो विषय नको.

सासूबाई : का नको? अंगात ताप तसाच होता, डॉक्टर झोप म्हणाले होते, आणि ही बाई डोक्याला रुमाल बांधून खाली हजर. मी म्हटलं, का गं, जिवावर उठलीस का स्वतःच्या? तर म्हणे, पडून कंटाळा आला. कंटाळा! आदल्या संध्याकाळी आपलं ते जुनं गिऱ्हाईक, तो चष्मेवाला, तुझी चौकशी करायला वर घरी आला होता. जाताना काय म्हणाला, आठवतं?

थोरली : नाही आठवत.

सासूबाई : मला आठवतं. "धाकट्या बाई हसून बोलतात हो," म्हणाला.

धाकटी : असं म्हणाले? मला कुणी सांगितलंच नाही!

थोरली : कशाला सांगायचं? आधीच काय कमी आहे?

धाकटी : ताई, म्हणून तुम्ही तीनच घेतलेत? मी गल्ल्यावर बसू नये म्हणून?

थोरली : दुसरी चादर घे.

धाकटी : संपल्या चादरी. सांगा ना.

थोरली : हो! झालं समाधान? हो, म्हणून. जळफळाट झाला माझा. मी लग्न होऊन आले तेव्हा इथं एक मशीन आणि एक बाकडं होतं. कुणाला कॉलर कडक लागते, कुणाला खळ सोसत नाही, कुणाचा कुणाशी अबोला आहे आणि दोघांचे कपडे एका वेळी द्यायचे नाहीत, हे सगळं मी जमवलं. दुसरं काय आहे माझ्याकडे? तू आलीस आणि नुसती हसलीस. नुसती हसलीस, आणि तो चष्मेवाला जिना चढून सांगायला आला! मी इतकी वर्षं त्याच्या पँटची क्रीज सांभाळली, माझ्याबद्दल चांगलं सांगायला कधी कुणाच्या जिन्याची एक पायरी चढला नाही.

सासूबाई : तू हसत नाहीस हे खरं आहे.

थोरली : मला हिशेब करताना हसता येत नाही!

धाकटी : आणि मला वाटायचं, तुम्हाला मी दिसतच नाही.

थोरली : दिसतेस. जागेपणी तेवढंच तर दिसतं मला.

सासूबाई : बरं, आता एकीनं दुसरीला ओरबाडून झालं असेल तर कामाचं बोला. गल्लाही हवा आणि पदवीही हवी, दोन्ही डगरींवर हात ठेवून कसं चालेल? सहा तुला झेपायचे नाहीत. तीन तू भीतीनं घेतलेस. ही बाजूला नसती तर किती घेतले असतेस?

थोरली : ही नसती तर मी कॉलेजात गेलेच नसते, आई.

सासूबाई : ते झालंच. आता गेली आहेस ना? मग सांग.

थोरली : एक विषय आहे. व्यापारी कायदा. मला तो हवा होता. पुस्तक चाळलं मी तिथं उभ्या उभ्या. करार कसा करायचा, माल खराब झाला तर भरपाई कुणी द्यायची, सगळं आहे त्यात. हा लॉजवाला दर महिन्याला स्वतःच्याच फाटक्या चादरी आपल्या गळ्यात मारतो. मला एकदा त्याच्या तोंडावर त्यातलं एक वाक्य फेकायचंय. नुसतं एक.

धाकटी : मग घेतला का नाहीत?

थोरली : सोमवार आणि बुधवार, संध्याकाळी.

धाकटी : सोमवार-बुधवार मी रिकामी असते.

थोरली : माहीत आहे.

धाकटी : मग घ्या! तो घ्या, आणि अर्थशास्त्रही घ्या, म्हणजे पाच होतील. मी बघते सगळं.

थोरली : नको. पाच तुझे आहेत. तुझे पाच म्हणून माझे पाच नकोत, नाहीतर परत मी तुझ्याच मागं जिना चढत राहीन. मी चार घेते. कायदा मला हवा आहे म्हणून.

सासूबाई : चार बरे. खुर्चीला पाय तेवढेच असतात.

धाकटी : म्हणजे सोमवार-बुधवार गल्ल्यावर मी?

थोरली : तोंड बघा, लॉटरी लागल्यासारखं. हो, तू. पण ऐकून घे. शाळेतले मास्तर आले की शर्ट त्यांच्यापुढं उघडून कॉलर दाखवायची. ते मागत नाहीत, पण दाखवली नाही तर रात्रभर झोपत नाहीत. नर्सबाईंचे कपडे तयार नसले तरी आधी "आज दमलात ना" म्हणायचं. आणि सुटे पैसे मोजताना बोलायचं नाही.

धाकटी : मी माझ्या पद्धतीनं करेन हं, ताई.

थोरली : म्हणजे हसून?

धाकटी : हसून.

थोरली : हस बाई. माझ्या पोटात दुखेल ते मी बघेन. वर्गात बसून दुखेल, कायद्याच्या तासाला.

सासूबाई : जा आता, कार्यालय बंद होईल. चादरी मी बांधते.

थोरली : निघतेच. आणि हे बघ, कुणी दारात उभं राहून म्हणेल, बाई नाहीत का. मनाला लावून घेऊ नकोस. सवयीनं विचारतात.

धाकटी : नाही लावून घेणार. आणि ताई, नाही विचारलं कुणी तर?

थोरली : तर मला सांगू नकोस.