दानाची पिशवी फिरल्यावर

सोनईच्या स्टँडवर नेवाशाच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"सुगंधाबाई, रविवारी तुमाला भर उपासनेत खाली बसवलं. राग न्हाई ना?"

"न्हाई, पंच. चर्चचा नियमच हाय. प्रभूनं कुनाच्या मनात शब्द घातला तरी पाळकांचा संदेश संपू द्यायचा, दानाची पिशवी फिरू द्यायची, मग एकेकानं बोलायचं."

"मागं तिघी एकदम उठल्या अन कुनाचंच कळंना. म्हनून आमी चर्चच्या पंचांनी केला नियम. प्रभूचा शब्द नको, असं न्हाई."

"व्हय, मलाबी पटलाय की."

"मग पिशवी फिरल्यावर मी तुमाला बोला म्हनलो, तर तुमी नुसती मान हलवली."

"तवर उशीर झाल्ता."

"कशाला उशीर? तुमी उठला तवा नजर माझ्याकडं हुती. तवापासून मला झोप न्हाई. माझ्याबद्दल हुतं का?"

"तुमच्याबद्दल न्हाई. तुमच्या मागं, दाराशी, चपलांजवळ एक बाई लेकरू घेऊन बसल्ती."

"हां, ती. कोन हुती?"

"ते मलाबी ठावं न्हाई. शब्द एवढाच हुता: हिला आज माघारी जाऊ देऊ नका."

"मग गेली कधी ती?"

"पिशवी तिच्यापुढं आली तवा. तिनं रिकामा हात पदराखाली घेतला, लेकरू उचललं अन गेली."

"सुगंधाबाई."

"काय?"

"पिशवी मीच धरल्ती तिच्यापुढं."