रांग मोडा, काका!

...आणि वर तो पार्कातला टोपीवाला मलाच म्हणतो, ‘काका, तुमची सोय केलीय!’ सोय? मागितली कोणी? तुम्हाला सांगतो, त्या उलट्यासुलट्या फिरणाऱ्या पाळण्यात मला काडीचा रस नाही, पोटात कालवतं माझ्या; मी जातो ते रांगेसाठी! हसताय? हसा. महिन्यातला एक रविवार, दहा ते सहा, एवढीच लेक माझ्या वाट्याला येते. अकरा वर्षांची. घरी आणली की मोबाइल, हॉटेलात नेली की मोबाइल, काही विचारलं की ‘हं’. पण रांगेत दोन तास उभी केली ना, की आधी मोबाइलचा कंटाळा येतो, मग पाय दुखतात, मग माझ्या दंडाला टेकते, आणि मग... सुरू! कोणत्या बाई ओरडल्या, कोणाशी कट्टी झाली, सगळं! मी आपला ‘हो का गं?’ म्हणत पुढे सरकतो. आपण उभं राहायला तयार असतो हो!

तर या रविवारी फाटक उघडल्या उघडल्या धावत सुटलो, आणि काय आश्चर्य, पाळण्यापाशी चिटपाखरू नाही! दांडी धरून पहिला नंबर. मागून एक आजोबा आले, ‘याचीच रांग ना?’ मी ऐटीत म्हटलं, ‘अर्थात!’ मग एक कुटुंब, मग नवरा-बायको... पाऊण तासात मागे बावीस माणसं! आणि बाजूच्या दारानं लोक येतायत, मोबाइल दाखवतायत, बसतायत. मला वाटलं, इथले कर्मचारी असतील. एवढे कर्मचारी? असू देत ना, मला कुठे घाई होती? पोरगी दंडाला टेकली होती! म्हणाली, ‘बाबा, एक सांगायचंय, पण तू चिडू नकोस हं... आई म्हणत होती की...’

आणि तेवढ्यात तो टोपीवाला! ‘काका, इथे आता रांग नसते. सकाळी सातला बुकिंग उघडतं, घरबसल्या करायचं. चला, रांग मोडा!’ बावीस जण माझ्याकडे असे बघतायत, जणू पाळणा मीच बंद पाडला. आजोबा तर, ‘तुम्हीच म्हणालात ना, अर्थात!’ मी टोपीवाल्याला म्हटलं, अरे राजा, बसायला नको देऊस, नुसतं उभं तर राहू दे! तर म्हणतो, ‘तशी सोय नाही, काका.’ आम्ही उभं राहायला तयार होतो हो!

शेवटी मिळाली पाच चाळीसची वेळ, तीही एकाच सीटची. मधले सहा-सात तास? हिंडा! हिंडताना कोणी बोलतं का? ती पुढे, मोबाइलमध्ये. मी मागे, दोघांच्या पिशव्या घेऊन. ‘आई काय म्हणत होती गं?’ ‘काही नाही.’ बाकावर बसून परत विचारलं. ‘काही नाही रे, बाबा!’ पाच चाळीसला ती एकटीच वर गेली आणि मी खालून हात हलवत राहिलो, कोणत्या पाळण्याकडे बघून, तेही कळत नव्हतं. रडू आलं मला. खोटं कशाला बोलू?

सहाला फाटकावर तिची आई. ‘सांगितलं ना तिनं? माझी बदली झालीय. पुढच्या महिन्यात आम्ही जातोय, लांब. तुला भेटायचं असेल तर आधी कळव, तिची शाळा, क्लास बघून वेळ देईन. येऊन दारात उभा राहू नकोस.’

भांडणार होतो, अगदी शप्पथ! पण पोरगी बघत होती माझ्याकडे. मग काय... एवढंच विचारलं, ‘बुकिंग किती वाजता उघडतं?’