शुक्रवारच्या बोटीत एक जागा

हॅलो?… हो, हिमायतनगरच… ट्रंक कॉल? मुंबईहून? द्या, द्या… हॅलो, इंदुताई! मी पद्माच बोलतेय… ऐकू येतंय गं, ओरडू नकोस. तुझा आवाज फोनशिवायही पोचला असता.

सगळे बरे आहेत. मुकुंदाही बरा आहे, आता बोलतोय भरपूर… तार मिळाली ना माझी?… म्हणूनच फोन केलास, ते कळलं.

नाही, चोरीबिरी काही नाही! काहीतरीच काय… नाही गं, पोराला पाडलंही नाही तिनं. अगं ऐक ना. तारेत काय काय लिहिणार? 'नोराला परत पाठवतोय, शुक्रवारची बोट बघा.' तेवढंच सुचलं मला.

हो, बाराच दिवस झाले तिला येऊन… हो, माहीत आहे भाऊजींनी केवढी खटपट केली. पण आयर्लंडहून दाई आणायची हौस त्यांचीच होती ना? साहेब लोक निघाले आपापल्या घरी, आणि आमच्या घरी मडम आली पोर सांभाळायला… बरं बरं, नाही करत चेष्टा.

काम? कामाला नाव ठेवायला जागा नाही. मुकुंदा कडेवरून उतरत नाही तिच्या. 'हौ' आणि 'नक्को' एवढं शिकवलंय त्यानं तिला, त्यावर दोघांचा दिवस निघतो… मग का? तेच तर सांगतेय, तू बोलू दे तर!

शनिवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सासूबाईंचं… हो, त्याच सासूबाई. नोरा आली त्या दिवशी तिचा कप वेगळा खिडकीत ठेवणाऱ्या. तर नोरानं माझी निळी साडी नेसली होती. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ती कुमारिका आहे, नुसतं कुंकू लावा, भिजवलेले हरभरे द्या. पण ही जाऊन बसली बायकांच्या रांगेत, आणि त्यांचं बघून हिनंही पदर पसरला… हो ना! आता पसरलेला पदर रिकामा कसा ठेवायचा? सासूबाईंनी भरली ओटी. नारळ, हरभरे, खण, सगळं.

हसल्या ना बायका. शेजारच्या सावित्रीबाई म्हणाल्या, 'लवकर मांडीवर लेकरू खेळू दे गं बाई.' नोरानं मला विचारलं, काय म्हणतायत? मी आपलं इंग्रजीत सांगून टाकलं… मला काय माहीत, ताई? मी गंमतच समजत होते.

ती तशीच ओटी घेऊन वर गेली. मी मागोमाग. पेटीतून तिनं एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं काढलेला एक हात. लहान मुलाचा पंजा कागदावर ठेवून भोवती रेघ मारतात ना, तसा… मुलगी आहे तिला. चार वर्षांची. केट. आजीजवळ ठेवून आलीय.

हो, लपवलं. अर्जात 'मिस' लिहिलं, तेही खोटं. नवरा लढाईत गेला, तिकडं काम मिळेना… मूल आहे म्हणाली असती तर भाऊजींनी घेतलं असतं? खरं सांग… हं. बघ.

काय?… हो. विधवा. हो, विधवेची ओटी भरली आमच्या घरी, चैत्रगौरीपुढे, साताठ जणींदेखत. सासूबाईंना तेही सांगावंच लागलं गं. वाटलं, आता सगळं घर धुवून काढतील. तर त्यांनी आधी गौरीपुढचा दिवा सारखा केला. आणि मग म्हणाल्या, 'मांडीवर लेकरू खेळू दे म्हटलंय ना गौरीपुढं? मग लेकरू तिकडं हाय. धाडा हिला.' एवढंच. काल दिवसभर बेसन भाजत होत्या. वाटेला लाडू हवेत म्हणे… हसतेस काय? मडम अठरा दिवस बोटीवर लाडू खाणार, खरंच!

तीन मिनिटं झाली? हो हो, आणखी द्या… हॅलो, ताई?

शाळा जूनमध्ये. हो, मलाच बोलावलंय. पोलीस ॲक्शननंतर इकडं मराठीचे वर्ग वाढले नि शिकवायला बायका मिळेनात… सासूबाई म्हणतात, मी बघते पोराला. नाही जमलं तर नाही जाणार यंदा… वाईट वाटतं ना! किती दिवस वाट बघितली मी. पण मी शाळेत गेले तरी चार वाजता मुकुंदा माझ्याजवळ. तिचा करार दोन वर्षांचा आहे, ताई. कागदावरचा हात तेवढाच राहणार. खरा हात तिकडं वाढतोय.

ती कुठं म्हणतेय जाते? तिनं काही मागितलंच नाही. काल मी सांगायला गेले, 'नोरा, तू घरी जा.' तिला वाटलं, खोटं बोलली म्हणून काढून टाकतोय. सॉरी, सॉरी म्हणत पेटी भरली, आणि सकाळपासून त्या पेटीवर बसून आहे. चहासुद्धा नाही घेतला. मी कितीदा समजावलं, खरंच वाटत नाही तिला. करारावर सही भाऊजींची. तुम्ही 'सोडलं' म्हणालात तरच सुटेल ती.

आहेत का ते घरात? मग विचार ना आत्ताच… हो, थांबते…

हं… हं… आहे? एक जागा आहे? खालच्या डेकवर का असेना!… आणि करार?… फाडतील? खरंच?… रागावलेत ना? रागावू देत. तू त्यांना श्रीखंड करून घाल. भाऊजी फार चांगले आहेत गं, उगीच बोलले मी मघाशी.

उद्या मंगळवारी निघेल इथून, परवा तिकडं. दोन दिवस कुठंतरी उतरायची सोय… तुझ्याकडं? आणि स्टेशनवर तूच येतेस? तू?… इंदुताई, अगं… नाही, काही नाही. सर्दी झालीय मला.

नाही, मी नाही सांगत तिला. माझं खरं वाटत नाही म्हटलं ना. तूच सांग… थांब हं, धरून ठेव. नोरा! नोरा, कम हियर. माय सिस्टर, फ्रॉम बॉम्बे. अगं घाबरू नकोस, धर… अशी नाही, उलटी धरलीस. हं.

— हॅलो?… येस, मॅडम. आय ॲम सो सॉरी, मॅडम… पार्डन?… फ्रायडे?… मी?… हौ… हौ, मॅडम… हौ…

ताई? काय सांगितलंस गं तिला?… एवढंच? मग अशी का बसली मटकन?… नाही, रडत नाहीये. मुकुंदा चढलाय मांडीवर. काहीतरी पुटपुटतेय… थांब, बघू दे… अगं, दिवस मोजतेय! बोटांवर दिवस मोजतेय ती…

हो, झाली वेळ, ऐकलं मी… ताई, ठेवते आता. तिची दहा बोटं संपली, माझा हात मागतेय.