ट्रेलरचं कुलूप कोण लावतं

हॅलो?… हां, बोल गं. थांब, गॅस बारीक करते… हं, बोल.

जेवले. हो, गोळीही घेतली. अगं, दुपारची दुपारी घेतली, संध्याकाळची संध्याकाळी घेईन…

ट्रेलर? आहे की. जाणार कुठे? खिडकीतून दिसतोय मला. बोळात, भिंतीकडे तोंड करून. तुझ्या बाबांनी उभा केला होता तसाच.

हो, ऐकलं. रंगाऱ्याचा चोरीला गेला, मग जनरेटरवाल्याचा. त्याचा तर भरदिवसा. माणूस जेवायला आत गेला, हात धुऊन बाहेर आला तर नुसत्या चाकांच्या खुणा. आता बसलाय कपाळाला हात लावून.

अगं, लावते ना कुलूप! गाडीला जोडायच्या आकड्याला कुलूप, चाकातून साखळी, साखळी खांबाला. फरशी कापायचं मशीन आत, वर ताडपत्री. फरशीवाल्याबरोबर तीस वर्षं काढलीत मी, मला नको शिकवूस. ते म्हणायचे ना, चोराला अडवता येत नाही, कंटाळा आणता येतो…

हो, रोज.

रोज म्हणजे रोज. किती वेळा विचारशील?

…कोण म्हणालं?

नाही, पण तुला कोण म्हणालं, कुलूप उघडं लोंबत असतं म्हणून? समोरची शिवणकामवाली ना? सुईत दोरा ओवता येत नाही, पण आमच्या बोळातलं तिला सगळं दिसतं.

ती नाही? मग कोण?

बरं, नको सांगू. …अगं, ओरडू नकोस. ऐक ना… ऐकशील का? आधी कबूल कर, हसणार नाहीस. आणि जावईबापूंपाशी 'आईला कुणाला तरी दाखवायला हवं' असलं काही बोलायचं नाही.

ते गेले ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात. मला ताप होता… नाही कळवलं तुला. कळवून काय, तिथून पट्ट्या ठेवणार होतीस कपाळावर? तर त्या तापात कुलूप लावायचं राहिलं. सकाळी आठवलं, तशी धावत गेले. बघते तर लागलेलं. दाबलं की लागतं ना ते, किल्ली लागत नाही. आणि किल्लीचं भोक खाली केलेलं.

खाली गं! पाणी जाऊन गंजू नये म्हणून भोक खाली. मी जन्मात कधी केलं नाही. त्यावरून किती बोलणी खाल्लीत मी त्यांची.

मलाही आधी तेच वाटलं. तापाच्या भरात आपणच लावलं असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम… हो, मुद्दाम साखळी सोडून ठेवली. सकाळी चाकातून तीन वेढे, टोक आत खोचलेलं. मग ताडपत्रीची दोरी सोडून बघितली. अगं, सकाळी त्यांचीच गाठ! दुहेरी, एका झटक्यात सुटणारी. बाहेरच्या कुणाला येत नाही ती. भीतीनं दोन दिवस ही खिडकीसुद्धा उघडली नाही.

मग काय? मग सवय झाली. तेव्हापासून रोज एक काहीतरी राहू देते. सगळं नीट लावलं तर ते कशाला येतील? जिवंतपणी तरी हाक मारून कधी आले होते? पण काही चुकलेलं दिसलं की कसे तरातरा यायचे, पुटपुटत…

हसलीस. बघ, हसलीस ना?

हो, चोरीला जाईल. कळतं गं मला. रंगाऱ्याचा गेला तेव्हा दिवसातून दहादा खिडकीशी जाऊन बघत होते. त्यांच्या हातची तेवढी एक वस्तू उरलीय. ती गेली तर काय राहिलं माझ्याकडे?… हो, तरी त्या दिवशीही साखळी सोडलीच. नाही राहवलं.

उठून बघायला? नाही. पहाटे जाग येते. साखळीचा आवाजही येतो कधी कधी. डोळे मिटून पडून राहते. उठले, आणि बाहेर कुणीच नसलं तर?

…चहाचं तुला कसं कळलं?

नाही, थांब. कुलपाचं एक वेळ ठीक. चहाचं मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही.

ठेवते, हो. निजताना थर्मास भरून मडगार्डवर ठेवते. सकाळी रिकामा असतो. विसळून पालथा घातलेला. तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात कप विसळला नव्हता. म्हटलं, तिकडे जाऊन सुधारले.

कोण?

…भाऊजी?

अगं, भलतंच काय बोलतेस! तुझ्या काकांचा काय संबंध? अकरा वर्षं त्या माणसानं आपल्या दारात पाऊल टाकलं नाही. ह्याच ट्रेलरवरून. दोघांनी मिळून घेतला, वाटणीत आपल्याकडे आला, बोलणंच संपलं. सख्खा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा कोपऱ्यापर्यंत आले आणि मागच्या मागे वळले. मी बघितलंय ह्या डोळ्यांनी…

फिरायला? रोज पहाटे? इथून?

…हो. गाठ दोघांनाही येत असणार. सासऱ्यांनीच शिकवलेली. भोक खाली करायचंही त्यांचंच. एका घरातले ते, एका हाताचे…

थांब जरा. बसते.

आहे. आहे गं, फोनवरच आहे. बोल तू.

काय म्हणाले?… परत सांग.

'वहिनी बोलत नाहीत, पण रोज माझ्यासाठी एक काम ठेवतात आणि वर चहा'…

अरे देवा.

त्यांना वाटलं, मी झालं गेलं सोडून दिलं? मी?… अगं, तो चहा त्यांच्यासाठी नव्हता गं! माझ्या मनातसुद्धा नव्हते ते. सात महिने मी रोज दुपारी त्या ट्रेलरपाशी उभी राहून बोलतेय. अंगठा कापला ते सांगितलं, तुझा फोन आला की सांगितलं, तुला दिवस गेलेत ते तर सगळ्यात आधी तिथे जाऊन सांगितलं. कुणाला सांगत होते मी? पत्र्याला?

रागवू नको तर काय करू? त्यांनी चांगलंच केलं, हो. ट्रेलर राखला, हो. माझं काय राहिलं ते मात्र…

नाही! नाही, हे त्यांना सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला. एवढ्या वर्षांनी त्या माणसाला दादाच्या घरचा चहा मिळाला, आणि आता सांगणार तुमचा नव्हता म्हणून? प्यायलेला चहा काय परत काढायचा पोटातून? चहा त्यांचाच होता. असंच राहू दे.

पण मग आजच का सांगितलं तुला?… गुडघ्याचं? उद्याच ऑपरेशन? आणि चालायचं कधी?… दोन महिने.

म्हणून कुलपाची काळजी. हं.

काय निरोप दिलाय?… 'वहिनींना म्हणावं, आता काही उघडं ठेवू नका.'

…हो, ऐकलं. आवाजसुद्धा तुझ्या बाबांचाच आला बघ कानात.

जाते उद्या हॉस्पिटलात. मीच जाते, तू अशा दिवसांत धावपळ करू नकोस. काय बोलायचं ते तिथे गेल्यावर बघेन. नाहीच सुचलं तर शेजारी बसेन नुसती.

कुलूप? लावते. आत्ताच जाते, उजेड आहे तोवर. आज आकडाच उघडा ठेवला होता मी, साखळीही नव्हती घातली. दोन्ही. आज अमावास्या ना… जाऊ दे.

गाठ मला येत नाही. साधीच मारेन.

नाही, रडत नाहीये.

…बरं, रडतेय. रडू दे की. तुम्ही सगळे म्हणता आठ महिने झाले, आई, सावर. माझ्यापुरते ते आज गेले गं. आत्ता, तुझ्याशी बोलता बोलता.

नाही, भीती नाही वाटत. भीती वाटत होती तेच बरं होतं.

हो… हो. नाही, आता काही उघडं ठेवणार नाही. ठेवते.