शेवटच्या चौकटीतला रिकामा फुगा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका संजीवनीताई, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे चित्रकलेचे इंद्रभान सर, आणि जेवण कधी सुरू होतं याची सभ्यपणे वाट पाहणाऱ्या नांदुरेकर बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आधीच्या वक्त्यांनाही पाचच होती. घड्याळं प्रत्येकाची वेगळी होती, एवढंच.

सरांनी मला चित्रकला शिकवली असं म्हणून मी त्यांची बदनामी करणार नाही. माझा हत्ती पाहून ते "पोतं बरं काढलं" म्हणाले होते. पण दहावीत असताना शाळेच्या भित्तिपत्रकात मी एक चित्रकथा चालवली, 'कावळेमास्तर'. दर सोमवारी चार चौकटी. चित्रं माझ्याच वर्गातल्या महामायाची, कावळ्याच्या तोंडचे शब्द माझे.

आता, त्या काळी आमच्या वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलत होती का? छे! शिवाय तिचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडे, आमचं अलीकडे. मध्ये रूळ होते, आणि रुळांहून जुनं बरंच काही. मग जमायचं कसं? शुक्रवारी ती संवादांचे फुगे रिकामे ठेवून कागद सरांच्या टेबलाच्या खणात टाकायची. शनिवारी मी फुगे भरायचो. सोमवारी सर तो फळ्यावर लावायचे. वर्षभर आम्ही समोरासमोर चकार शब्द बोललो नाही, आणि एक आठवडाही बोलल्यावाचून राहिलो नाही.

कावळ्याला तिनं सरांचा मोडका चष्मा घातला, तेव्हा वाटलं, आता छडी! सर म्हणाले, "कावळा झ्याक हाये. पण माह्या चष्म्याची काडी डावीकडून मोडली, उजवीकडून नाही. दुरुस्त करा."

मग तिच्या वडिलांची बदली झाली. ते रेल्वेत होते. परीक्षा संपली की घर हलणार होतं. शेवटचा कागद आला. चौथ्या चौकटीत एक कावळी गाडीच्या खिडकीत, कावळेमास्तर फलाटावर, चोच उघडी आणि वर भला मोठा फुगा. हेडमास्तरांपासून नगराध्यक्षांपर्यंत कुणालाही न सोडणाऱ्या पोराला काय शब्द सुचला नसेल? सुचला होता. हात धजावला नाही. कागद तसाच खणात ठेवून दिला.

गेल्या आठवड्यात सरांनी तो खण रिकामा केला आणि मला बोलावलं. "काऊन बे, साऱ्या गावाले बोलतं, अन् इथंच काऊन गप्प बसला? पोरगी दोन रोज येऊन खण पाहून गेली. तिसऱ्या रोजी म्हणे, सर, रिकामं हाये, बोर्डावर नका लावू."

हे मला अठ्ठावीस वर्षांनी कळलं.

तो कागद घरी नेला, पेन घेऊन बसलो. पण जिनं वाचायचं तीच इथं नसेल, तर भरलेला फुगा म्हणजे माझं नेहमीचं लिखाण! सर, कागद परत आणलाय. नव्या शिक्षकांना टेबल द्याल तेव्हा हा खणातच राहू द्या. न जाणो, कुणी पुन्हा पाहायला आलं तर.

सर, तुमच्या खणाचे आभार. मंडळी, तुम्ही ऐकलंत, तुमचेही. आज काही जास्त बोललो असेन तर उदार मनानं क्षमा करा. जे बोललो नाही, त्याची क्षमा मात्र तुमच्याकडे मागून उपयोग नाही.