वस्तादाचा फेटा

अवो, रझाकारांच्या आधीची गोष्ट. कळमनुरीच्या जत्रेत हुतूतूचा शेवटचा सामना आमचं गाव हरलं, अन् गावानं किसनमामांचं वस्तादपण काढून घेतलं. शेजारचे गफूरभाई रोज भिंतीवरून मला म्हणायचे, “भाभी, पोरं घसरली, त्यात मामांचा काय कसूर?”

नव्या वस्तादाला फेटा जुन्यानंच बांधायचा, अशी आमच्याकडची रीत. मामा येणार न्हाईत, असं समदे म्हणून राहिले होते. पण मामा आले, फेटा बांधला अन् नव्याच्या कानाशी काहीतरी बोलले.

मला कुठं राहवतंय! नव्याला विचारलंच, “काय म्हणाले?”

“शंकऱ्याचा गुडघा दुखतोय, त्याला आधी चढाईला धाडू नको म्हणाले.”

बाजूला उभ्या गफूरभाईंनी डोळे पुसले. “भाभी, गावानं वस्तादपण काढलं म्हणे. निघालं का?”